लांबलेली टर्न आणि तुटणारे विराम: बूथमधल्या दुभाष्यांसाठी

सभागृहात तिसऱ्या-चौथ्या रांगेतला माणूस गळ्यातला रिसीव्हर उचलतो, चॅनेलचा आकडा बघतो, आवाजाचं बटण फिरवतो आणि शेजाऱ्याकडे पाहतो. त्याला वाटतं बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत असते, बूथमधला, म्हणजे मागच्या बंद केबिनमधला, दुभाषी पाच सेकंद गप्प असतो. टर्न, म्हणजे माइकवरची त्याची सलग पाळी, सुरू होऊन पस्तीस मिनिटं झालेली असतात, आणि दुभाष्याला विचारलं तर तो म्हणेल, छान चाललंय की!

थकवा आधी विरामांत दिसतो. गाळलेली वाक्यं, उलटे झालेले आकडे, पडलेला नकार हे सगळं त्याच्या मागून येतं. म्हणून स्वतःचे आणि जोडीदाराचे विराम ऐकायला शिकणं, ते मोजणं आणि त्यावरून टर्न आखणं हे सायमल्टेनियसच्या, म्हणजे वक्ता बोलत असतानाच भाषांतर करण्याच्या, कामात ग्लॉसरीइतकंच (शब्दसूचीइतकंच) महत्त्वाचं आहे. पुढचं सगळं मराठी–इंग्रजी जोडी धरून लिहिलंय. जर्मनवाल्यांना त्यातलं बरंचसं जसंच्या तसं चालेल. मराठी–जपानीत काम करणाऱ्यांना वाक्याचा क्रम उलटवण्याचा त्रास कमी, कारण दोन्हीकडे क्रियापद शेवटीच येतं. बाकी थकव्याचं गणित तेच.

कोणता विराम ठीक, कोणता नाही

दुभाष्याचं बोलणं अखंड असावं ही समजूत चुकीची. चांगला दुभाषी भरपूर थांबतो. वाक्य संपल्यावर सेकंद-दीड सेकंद, ‘की’, ‘तर’, ‘म्हणून’ यांच्या पाशी अर्धा सेकंद, वक्ता स्लाइड बदलत असेल तर त्याच्याबरोबर चार-पाच सेकंदही. श्रोत्याला हे खटकत नाही, कारण थांबण्याची जागा अर्थाची आहे.

खटकतो तो शब्दगटाच्या आत पडलेला खंड. त्याला मराठीत तीन खास जागा आहेत, आणि थकलेला दुभाषी नेमका तिथेच अडकतो.

पहिली जागा सामान्यरूपानंतरची. ‘शेतकऱ्यां…’ एवढं तोंडातून गेलं की मागे फिरता येत नाही. आता -ना, -नी, -चं, -साठी यांपैकी काहीतरी जोडावंच लागतं, आणि वक्त्याच्या वाक्यात शेतकरी देणारा आहे की घेणारा हे अजून कळलेलं नसतं. ताजा माणूस नाम उच्चारण्याआधी थांबतो, थकलेला नामाच्या मध्यात.

दुसरी जागा विशेषणानंतरची. ‘मोठा… मोठी अडचण.’ विशेषणाचं लिंग नामाआधी ठरवावं लागतं आणि नाम तर अजून सुचायचंय. अशी दुरुस्ती दहा मिनिटांत एकदा झाली तर कुणी लक्ष देत नाही. मिनिटाला एक व्हायला लागली की हेडफोन काढून ठेवणारे दिसू लागतात.

तिसरी जागा मुख्य क्रियापद आणि त्याच्या शेपटीच्या मधली: ‘मंजूर करण्यात… आलेलं… नाही.’ ही सर्वांत धोक्याची. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला बसतो, आणि दमलेल्या माणसाचा श्वास आणि आवाज तिथेच संपतो.

यांच्या जोडीला ‘अं’, ‘म्हणजे’, ‘जे आहे ते’ असे भरलेले विराम असतात. ‘म्हणजे’ जास्त वाईट, कारण श्रोत्याला वाटतं आता खुलासा येणार, आणि तो येत नाही.

थकल्यावर नेमकं काय होतं

दुभाषी एकाच वेळी ऐकतो, ऐकलेलं धरून ठेवतो, बोलतो आणि या तिन्हींचा मेळ घालतो. दुभाषेपणाचे अभ्यासक दानिएल जील यांनी मांडलेलं हे प्रारूप अनेक प्रशिक्षणांत शिकवलं जातं. त्यातली कामाची गोष्ट अशी: दुभाषी बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या काठावरच चालत असतो, हाताशी शिल्लक फारशी नसते. थकव्यानं ती थोडीशी शिल्लकही जाते, आणि एका कामाला लक्ष जास्त लागलं की दुसरं थांबतं. थांबायला सर्वांत सोपं काम कोणतं, तर बोलणं.

आकडेमोड करून बघा. वक्ता मिनिटाला १२० शब्द बोलतोय, म्हणजे सेकंदाला दोन. तुम्ही त्याच्या मागे तीन सेकंद असाल तर डोक्यात सहा शब्द धरलेले आहेत, सहा सेकंद असाल तर बारा. वक्ता १६० वर गेला आणि तुम्ही सहा सेकंद मागे असाल तर सोळा. मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द हा वेग सायमल्टेनियससाठी सोयीचा मानला जातो. छापील भाषण वाचणारा वक्ता त्यापुढे केव्हा गेला हे त्याचं त्यालाही कळत नाही.

थकलेले दुभाषी दोन प्रकारे वागतात. काहींचं अंतर वाढतं: सुचायला वेळ लागतो, शांतता लांबते, मग साठलेलं सगळं एका दमात ओतलं जातं आणि पुन्हा शांतता. ऐकायला गचके खाणाऱ्या पीएमपी बससारखं. दुसऱ्यांचं उलट होतं. धरून ठेवणं नको वाटतं म्हणून ते वक्त्याला चिकटतात, शब्दामागे शब्द टाकत जातात, आणि वाक्याची रचना अंगाशी आली की मध्येच अडतात. पहिल्या प्रकारात विराम थोडे पण लांब, दुसऱ्यात आखूड पण असंख्य आणि चुकीच्या जागी. आपण कोणत्या गटात मोडतो हे रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय सांगता येत नाही, आणि अंदाज बहुधा चुकतो.

स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये याला आधारही आहे. जिनिव्हात मोजक्या व्यावसायिक दुभाष्यांना नेहमीच्या अर्ध्या तासापुढे काम करत ठेवून एक अभ्यास झाला होता; तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या तासानंतर अर्थाच्या चुका वाढत गेल्या, आणि काम करणाऱ्यांना आपली घसरण नीटशी जाणवत नव्हती. माणसं थोडी होती हे खरं. तरी ‘मला अजून जमतंय’ हे वाक्य पुरावा म्हणून धरू नये, एवढं त्यातून निघतं.

नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात दुभाषी ८५ मिनिटांच्या टर्नवर बसत, मग आताच कसलं कौतुक, असा सवाल आयोजक कधीकधी टाकतात. तिथे प्रत्येक जण ठरावीक एकाच भाषेतून काम करी. ती भाषा बोलली जात असेल तेव्हाच त्याचं तोंड चाले, बाकी वेळ शेजारचा बोले. शिवाय वक्त्याला हळू करायला पिवळा दिवा होता आणि थांबवायला लाल. आपल्याकडे मान्यवरांना लाल दिवा दाखवायची सोय कुठली!

एक वाक्य, दोन वेळा

इंग्रजी वक्ता सांगतोय की ३१ मार्चपर्यंत चाचणी अहवाल न दिलेल्या कोणत्याही पुरवठादाराचा करार वाढवायचा नाही, असं मंडळानं ठरवलंय. इंग्रजीत मंडळ आणि निर्णय आधी येतात, अट शेवटी.

सातव्या मिनिटाला (उभी रेघ म्हणजे विराम, दोन रेघा म्हणजे लांब विराम): ‘मंडळानं एक निर्णय घेतलाय. | काही पुरवठादारांचे करार वाढवले जाणार नाहीत. | ज्यांनी चाचणी अहवाल दिलेले नाहीत, | ३१ मार्चपर्यंत, | त्यांचे.’

अडतिसाव्या मिनिटाला: ‘मंडळानं | करार | न वाढवण्याचं… अं… ठरवलेलं आहे, | पुरवठादारां… | म्हणजे जे पुरवठादार | चाचणी अहवाल | | ३१ मार्च | | दिलेले.’

पहिल्यात चार विराम, चारही अर्थाच्या जोडावर. दुसऱ्यात त्याहून जास्त, आणि शेवटचा ‘नाहीत’ गायब. ज्यांनी अहवाल दिले त्यांचेच करार गेले, असं ऐकून पुरवठादार उठून उभा राहील. पहिलं भाषांतर व्याकरणाच्या मास्तरांना तुटक वाटेल. बूथमध्ये तेच चांगलं.

मराठीकडून इंग्रजीकडे जाताना सापळा वेगळा आहे. साखरेच्या परिषदेत वक्ता एफआरपीबद्दल, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायच्या सरकारी किमान दराबद्दल, म्हणतो: ‘सगळ्या कारखान्यांनी एफआरपी थकवली, शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलं, असं मी म्हणणार नाही.’ वक्त्याला चिकटून चाललेला थकलेला दुभाषी तोवर इंग्रजीत सगळ्या कारखान्यांवर आरोप करून मोकळा झालेला असतो. मग शेवटचे चार शब्द कानावर पडतात, लांब शांतता पडते आणि नंतर गडबडीची दुरुस्ती येते. उपाय असा: मराठी वाक्यात एकामागून एक क्रियापदं स्वल्पविरामांनी जोडून यायला लागली की ‘असं’ची वाट बघायची. तेवढ्या वेळात तोंड बंद ठेवायचं नसेल तर कुठेही न बांधणारी सुरुवात करायची. ‘कारखाने आणि ऊसदर यांच्याबद्दल सांगायचं तर’ या अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हटलं की दोन-अडीच सेकंद मिळतात आणि त्यानंतर होकार येवो की नकार, वाक्य कुठेही वळतं.

स्वतःचे विराम कसे मोजायचे

लागतं काय: रेकॉर्डिंग, आवाज तपासायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर (ऑडॅसिटी किंवा प्राट), आणि तासभर.

शक्य असेल तर वक्ता डाव्या ट्रॅकवर आणि तुम्ही उजव्या ट्रॅकवर असं रेकॉर्डिंग साउंडवाल्याकडून मागून घ्या. तो नाही म्हणाला तर दोन फोन वापरा, एक बूथमध्ये आणि एक सभागृहातल्या स्पीकरजवळ. सुरुवातीला बूथच्या दारात एक टाळी वाजवली की नंतर दोन्ही फाइली जुळवायला खूण मिळते. रेकॉर्डिंगला आयोजकांची परवानगी आधीच घ्यायची. गोपनीय बैठकीत हा नाद करायचा नाही, घरी सरावातच मोजायचं.

टर्नमधले दोन तुकडे कापा: पाचव्या ते दहाव्या मिनिटाचा आणि शेवटच्या पाच मिनिटांचा. पहिली पाच मिनिटं घेऊ नका, तेव्हा कान वक्त्याला सरावत असतो. वक्ता दोन्ही तुकड्यांत एकच हवा. तुमचे विराम वक्त्याच्या विरामांवर अवलंबून असतात. वक्ता बदलला की तुलना फुकट गेली.

प्राटमध्ये शांतता शोधून खुणा करायची सोय आहे, तिथे सर्वांत लहान शांतता ०.२५ सेकंद ठेवा. विरामांच्या अभ्यासात ही मर्यादा जुनी आहे, फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांच्या कामापासूनची. त्याहून लहान शांतता प, त, क यांच्या उच्चारातच असते. ऑडॅसिटीत विश्लेषणाच्या यादीत आवाजांना खुणा करणारं साधन आहे, त्यात ‘आवाजांच्या मधला भाग’ निवडा. बूथच्या पंख्याचा आवाज असेल तर आवाजाची पातळी दोन-तीनदा बदलून बघावी लागते, नाहीतर पंखाच भाषण म्हणून मोजला जातो.

मग प्रत्येक तुकड्यासाठी चार आकडे लिहा. दोन सेकंदांहून लांब शांतता किती. शब्दगटाच्या आत पडलेले खंड किती (हे यंत्र सांगणार नाही, ऐकूनच मोजायचे). ‘अं’ आणि ‘म्हणजे’ किती. अर्धवट सोडून पुन्हा सुरू केलेली वाक्यं किती. दोन सेकंदांची शांतता वक्त्याच्याच शांततेवर पडली असेल तर ती वजा करा. अशा चार-पाच टर्न मोजल्या की आपली रेघ कळते: कुणाची बाविसाव्या मिनिटाला मोडते, कुणाची तिसाव्या.

यंत्रांची कटकट नको असेल त्यांच्यासाठी कागदी पद्धत आहे. जोडीदारानं वहीत तीन रकाने आखायचे, ०–१०, १०–२०, २०–३०, आणि लांब शांतता, ‘म्हणजे’ आणि फिरवलेलं वाक्य यांसाठी प्रत्येकी एक काडी मारायची. शेवटच्या रकान्यात पहिल्याच्या दुप्पट काड्या झाल्या तर पुढची टर्न पाच मिनिटांनी कमी. हा कामचलाऊ नियम आहे, शास्त्र नाही; पण यामुळे ‘तू दमलास’ असं तोंडावर म्हणावं लागत नाही, काड्याच बोलतात.

टर्न किती आणि बदल कसा

दोघांच्या बूथमध्ये साधारण तीस मिनिटं ही जगभर रुळलेली पद्धत. वाचून दाखवलेला अहवाल, आकड्यांची रास, कायद्याची कलमं असतील तर वीस. ऑनलाइन कामात पंधरा ते वीस. दिवसभराच्या परिषदेत दोन्ही दिशांचं काम दोघांवरच टाकलेलं असेल तर दुपारच्या जेवणानंतर पुन्हा वीसवर या. साडेतीनच्या सत्रात सकाळच्या तीस मिनिटांचा हिशोब चालत नाही.

उद्घाटनाचं सत्र सोपं समजून एकट्यानं ओढू नका. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि टाळ्यांमध्ये उसंत मिळते हे खरं, पण मधल्या भागात पदांसकट वीस नावांची माळ येते, आणि नावांसारखं दमवणारं दुसरं काही नाही. ती यादी सूत्रसंचालकाकडून आधी मागून घ्या. सूत्रसंचालकानं चारोळी टाकली तर ती सोडून द्या आणि श्वास घ्या. कुणाचं काही अडत नाही.

बदल घड्याळाच्या काट्यावर करायचा नाही, मुद्दा संपल्यावर करायचा. त्यासाठी:

- येणाऱ्यानं पाच मिनिटं आधी हेडफोन लावून धागा पकडायचा.
- दोन मिनिटं आधी जाणाऱ्याला दोन बोटं दाखवायची.
- चालू वाक्य जाणाऱ्यानंच क्रियापदापर्यंत पूर्ण करायचं, मग माइक सोडायचा. आकड्यांच्या यादीत किंवा प्रश्नोत्तरातल्या प्रश्नाच्या मध्यात बदल नको.
- दोन्ही माइक एकाच वेळी चालू राहिले तर श्रोत्याला खाकरणं, कुजबुज, कागद सगळं ऐकू जातं. कन्सोलवरचा (समोरच्या माइक-हेडफोनच्या पेटीवरचा) लाल दिवा बघायची सवय लावून घ्या.

माइक सोडलेल्याची अर्धा तास विश्रांती म्हणजे काय, यावर जोड्या भांडतात. पूर्ण वेळ आकडे लिहून देत बसलात तर ती विश्रांती नव्हे, कान तितकाच राबतो. पहिली दहा मिनिटं हेडफोन काढून बाहेर जा, मधली पंधरा जोडीदाराला मदत, शेवटची पाच पुन्हा धागा पकडायला. मधल्या पंधरांत वक्ता सोपा असेल तर मदतही थांबवा.

शेवटची दहा मिनिटं कशी काढायची

थकवा आलाच आहे आणि बदल अजून व्हायचाय, अशा वेळी करायच्या गोष्टी.

वाक्यं आखूड करा आणि प्रत्येक वाक्य क्रियापदावर ठाम संपवा. ‘आहे’, ‘नाही’ पुटपुटू नका. त्यानंतर मुद्दाम दीड-दोन सेकंद थांबा. वाक्याच्या शेवटी घेतलेली एक सलग शांतता ही मध्ये-मध्ये पडलेल्या चार लहान खंडांपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि त्या वेळात कानाला पुढचं ऐकू येतं.

विशेषणं न बदलणारी निवडा. मोठा, चांगला, नवा यांच्याऐवजी प्रचंड, उत्तम, नवीन, गंभीर, अवघड. समस्या असो, प्रश्न असो की आव्हान, ‘गंभीर’ सगळ्यांना चालतं. मग ‘मोठा… मोठी’ची वेळच येत नाही.

‘जो… तो’, ‘ज्या… त्या’ची लांब वाक्यं टाळा. सुरू केलेलं ‘ज्या’ शेवटपर्यंत सांभाळायला जी स्मृती लागते तीच आता संपलेली आहे. दोन सुटी वाक्यं करा.

वाक्य निसटलंच तर त्याचा पाठलाग करू नका. निसटलेलं भरून काढायला धावलात की पुढची दोनही जातात. वक्त्याच्या पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला पुन्हा चढा. सोडायचंच असेल तर अलंकार आणि पुनरुक्ती सोडा; नकार, अट आणि आकडा सोडू नका.

वीतभर अंतरावरच्या माइकला तुमचा श्वास ऐकू जातो. दमल्यावर श्वास छातीत वर-वर चालतो आणि वाक्याच्या मध्येच घ्यावा लागतो. अर्धे चुकीचे विराम तिथूनच येतात. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, आणि वाक्य संपल्यावर नाकानं श्वास. खोकला आला तर कफ-बटण (दाबून ठेवलं की माइक बंद राहतो), पण सोडायला विसरू नका.

आकडे

इंग्रजी ‘फिफ्टी नाइन’ ऐकून ‘एकोणसाठ’ म्हणायला साठपर्यंत जाऊन एक मागे यावं लागतं. ताज्या डोक्याला कळतही नाही, थकलेलं डोकं तिथे सेकंदभर उभं राहतं, आणि एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची अदलाबदल होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशी संख्यावाचनाची सोपी रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली. बूथमध्ये मात्र ती रीत जीव वाचवते. अडलात तर बेधडक ‘पन्नास नऊ’ म्हणा. चुकीच्या एकोणसत्तरपेक्षा बरं.

मिलियन-बिलियनची चिठ्ठी कन्सोलला चिकटवा: मिलियनला १० नं गुणलं की लाख, बिलियनला १०० नं गुणलं की कोटी. ३.७ मिलियन म्हणजे ३७ लाख, २.४ बिलियन म्हणजे २४० कोटी. गुणाकार बोलणाऱ्यानं करायचा नाही. जोडीदारानं मराठीतलं उत्तर लिहून कागद सरकवायचा, ठळक, एका ओळीत एकच आकडा. मराठीतून येणाऱ्या दीड, अडीच, पावणेतीनला इंग्रजीत दशांशात बदलून लिहायचं: पावणेतीन कोटी म्हणजे २७.५ मिलियन. आकडा गेलाच आणि कागदही आला नाही, तर ‘मोठी रक्कम’ म्हणून पुढे जा. अंदाजानं ठोकू नका.

बूथ, हवा, आवाज

फिरत्या बूथसाठीच्या आयएसओ ४०४३ मानकात दोघांच्या बूथला रुंदी आणि खोली १.६० मीटर, उंची २ मीटर अपेक्षित आहे, आणि आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.१ टक्क्याच्या आत, म्हणजे दहा लाखात एक हजार भाग. टेबलावर ठेवलेला साधा मापक हा आकडा दाखवतो. बंद बूथमध्ये दोन माणसं सतत बोलत बसली आणि पंखा नीट नसला तर तो लवकर ओलांडला जातो, जडपणा येतो आणि दोष झोपेला दिला जातो. प्रत्येक मध्यंतरात दार सताड उघडं ठेवा. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या मंडपात बूथ लावत असतील तर जागा आदल्या दिवशी बघून या. जनरेटर कुठे आहे तेही बघा.

टर्न सुरू करताना आवाजाच्या बटणाची जागा टिपून ठेवा. दमल्यावर माणूस नकळत आवाज वाढवतो, मग स्वतःही मोठ्यानं बोलतो, त्यात वक्ता ऐकू येत नाही आणि पुन्हा बटण फिरतं. टर्नच्या शेवटी बटण बरंच पुढे गेलेलं असेल तर ती काड्यांच्या वहीइतकीच पक्की खूण. एक कान अर्धा उघडा ठेवलात तर स्वतःचा ‘म्हणजे’ लवकर ऐकू येतो.

पाणी कोमट किंवा साधं, घोटभर, वाक्यांच्या मध्ये. अमृततुल्यचा चहा मध्यंतरात जरूर घ्या, माइक हातात येण्याच्या दोन मिनिटं आधी नको. घसा खाकरण्यात पहिली तीन वाक्यं जातात.

एकटे असाल तर

चाकण, रांजणगाव, तळेगावला कारखान्यातल्या ऑडिटसाठी बोलावतात तेव्हा ‘एकच माणूस पुरे, छोटीच मीटिंग आहे’ असं ठरलेलं असतं. बूथ नसतो, कानात कुजबुजायचं असतं आणि शेजारी प्रेस चालू असतो. कुजबुजून बोलताना घसा लवकर जातो, आणि घसा गेला की विराम वाढतात. होकार देण्याआधी लेखी ठरवून घ्या: सलग वीस मिनिटांनंतर पाच मिनिटं थांबा, शॉप फ्लोअरवर वाक्यागणिक थांबून भाषांतर, सायमल्टेनियस फक्त बंद खोलीत, आणि चार-पाच ऐकणारे असतील तर टूर गाइड वापरतात तसा छोटा ट्रान्समीटर. ‘थांबून’ पद्धतीत वेळ दुप्पट लागेल, हे आधीच सांगा, नाहीतर दुपारी दोन वाजता सगळे घड्याळाकडे बघून पुन्हा सायमल्टेनियसचा आग्रह धरतात.

वीस मिनिटं झाली की परवानगी मागत बसू नका. वाक्य संपवा आणि दोन्ही भाषांत सांगा, ‘पाच मिनिटं थांबू या.’ दमून अडखळायला लागल्यावर मागितलेली विश्रांती कमकुवतपणा वाटते, ठरलेल्या वेळी घेतलेली नाही.

ऑनलाइन कामात वक्त्यानं लॅपटॉपचा माइक वापरला की आवाज चपटा येतो, शब्दांच्या कडेची व्यंजनं खाल्ली जातात, आणि ती भरून काढण्यात ऐकण्याची ताकद संपते. वक्त्यांना वायरचा हेडसेट लावायला सांगणारा एक निरोप आदल्या दिवशी पाठवा आणि सकाळी पुन्हा पाठवा. जोडीदार दुसऱ्या घरात असेल तर बोटं दाखवता येत नाहीत. फोनवर वेगळा कॉल उघडा ठेवा किंवा चॅटमध्ये फक्त ‘२’ आणि ‘०’ एवढ्याच खुणा ठरवा. लांबलचक मेसेज वाचायला थकलेल्या डोक्यात जागा नसते. इंटरनेट गेल्याची शांतता आणि दुभाषी थकल्याची शांतता श्रोत्याला सारखीच वाटते, म्हणून चार सेकंद झाले की जोडीदारानं न विचारता माइक उघडून पुढचं वाक्य उचलायचं, हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नका. दमलेल्या कानाला सगळं ठीकच वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची पाच मिनिटं आधी लावा, मग पाच ते दहा.